खरवईच्या पुतळाबाईचं मनगट

पुतळाबाई भोईर कुणाचं वावगं ऐकून घेणारी बाई नव्हती, आणि हे खरवईत पोरासोरांनाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त कंपनीच्या साहेबांना. साहेब लोकांना काही गोष्टी उशिराच कळतात. आधी कुणीतरी त्या टाइप करून त्यांच्या टेबलावर ठेवाव्या लागतात.

अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे, डोंगराच्या पायथ्याशी, एका कंपनीनं आपल्या अधिकाऱ्यांसाठी गोल्फचं मैदान केलं होतं. मेंबर चाळीसेक. कॉलनीतले साहेब आणि उल्हासनगरचे दोन-चार मोठे व्यापारी. गवत परदेशी बियाण्याचं, पाणी बोअरिंगचं, आणि ते गवत विळ्यानं कापून सारखं करायला खरवईच्या बारा बायका. गावात त्याला गोल्फ कुणी म्हणत नसे. 'काठीचं मैदान' म्हणत. ज्या भोकात चेंडू घालायचा ती 'गल', गोट्यांच्या खेळात असते तशी. एवढी मोठी माणसं एवढासा चेंडू गलीत घालायला अर्धा दिवस चालतात, याची गावाला गंमत वाटायची.

पुतळाबाई त्या बारा जणींत सगळ्यांत जुनी. चाळिशी ओलांडलेली, काटक, लुगडं गुडघ्यापर्यंत घट्ट खोचलेलं. नवरा जनू अंबरनाथच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. नोकरी लागली तरी पुतळाबाईनं घरची दोन खाचरं सोडली नव्हती. दिवाळी झाली की रजा टाकून ती खळ्यावर उभी राहायची. भात झोडावं तर तिनंच, असं आजूबाजूच्या गावांतले लोकही म्हणत.

भात झोडणं ऐकायला सोपं आहे. पेंडी दोन्ही हातांत धरायची आणि तिरक्या फळीवर आपटायची, दाणे झडेपर्यंत. पण नवखा माणूस पेंडी डोक्यावर नेतो आणि तिथूनच मनगटं फेकतो. सगळी ताकद हवेत सांडते, पेंडी फळीवर नुसती येऊन पडते, दाणे लोंब्यांना तसेच चिकटून राहतात आणि संध्याकाळी हा गडी कोपर धरून बसतो. जाणती बाई आधी हात खाली आणते. मनगटं अजून मागेच मुडपलेली, पेंडी मागेच लोंबती. हात मांडीपाशी आले की मग मनगट सोडायचं. असा फटका बसतो की दाणे खळ्याच्या टोकाला जाऊन पडतात.

सबनीस साहेब कंपनीच्या खरेदी खात्याचे मुख्य. गोल्फवरची तीन इंग्रजी पुस्तकं त्यांच्याकडे होती आणि तिन्ही पाठ होती. एवढं करून त्यांचा चेंडू कधी कमरेच्या वर उडाला नाही. पहिल्या गलीच्या उंचवट्यावर ते उभे राहायचे, पाय मोजून ठेवायचे, मान हलवायची नाही म्हणून दात आवळायचे, आणि मग दण्णकन मारायचे. चेंडू घरंगळत खाली बायकांच्या पायाशी. बायका पदर तोंडाशी धरून हसायच्या.

सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात एका सकाळी असाच एक चेंडू पुतळाबाईच्या विळ्यापाशी येऊन थांबला. साहेब एकटेच होते, चेंडू घ्यायला स्वतः खाली आले. तिनं तो उचलून दिला आणि म्हणाली, "साहेब, राग नसंल तर बोलू? तुमचं मनगट वरच सुटतंय."

"काय?" साहेबांना आधी कळलंच नाही की गवत कापणारी बाई आपल्याशी खेळाबद्दल बोलते आहे.

"काठी वरून येताना सुंईऽ आवाज करते ना, तो तुमच्या कानाशी येतो. तो पायाशी यायला पायजे. आमच्याकडं नवी सून आली का तिचा पण असाच येतो."

दुसरा कुणी असता तर कपाळाला आठी घालून निघून गेला असता. सबनीस साहेब त्या वर्षी मेंबरांत शेवटून पहिले होते, म्हणून थांबले. इकडेतिकडे बघून घेतलं. कुणी नव्हतं. हळूच म्हणाले, "दाखवता?"

तिनं दाखवलं. आधी साहेबांच्या हातात काठी दिलीच नाही. कापलेल्या गवताची पेंडी बांधून दिली आणि पंपघराच्या मागं पडलेली एक जुनी फळी दगडावर तिरकी टेकवून म्हणाली, "आपटा."

दुसऱ्या दिवसापासून साहेब सकाळी साडेसहाला पंपघरामागं येऊ लागले. बायकांचं काम सातला सुरू व्हायचं. पुतळाबाई अर्धा तास आधी यायची. कशासाठी? तर चुकीचं काम होताना तिला बघवत नसे. खळ्यावर एखादीचा हात चुकला तर ती शेजारणीलाही ओरडायची, साहेबांना तर काय. "घट्ट नका धरू, पेंडी पळून नाय जात." "डावं मनगट वाकडं नका पडू देऊ, फळीवर लागताना ते सपाट पायजे." "अवो, घाई कसली? वर गेलात का जरा थांबा, मंग हात आणा." मोठ्या खात्याचा साहेब मान खाली घालून ऐकायचा आणि आपटायचा. खोटं कशाला बोला, पुतळाबाईला मजा यायची.

आठ दिवस झाले तरी मनगट वरच सुटत होतं. मग तिनं त्यांना हाक शिकवली. खरवईत एका फळीवर दोघी जणी समोरासमोर झोडतात. एकीची पेंडी खाली येते तेव्हा दुसरीची वर असते. एकमेकींच्या तोंडावर बसू नये म्हणून मारणारी हात खाली आणताना 'हाऽऽ' म्हणते आणि मनगट सोडताना 'घे!'. समोरची 'घेतलं!' म्हणून आपली पेंडी खाली आणते. नव्या सुनेला ही हाक महिनाभर मोठ्यानं म्हणायला लावतात, म्हणजे मनगट आपोआप वेळेवर सुटतं. पुढं तोंड मिटलं तरी चालतं.

"हाऽऽ घे!" सबनीस साहेब पहिल्यांदा म्हणाले ते इतकं लाजत की पुतळाबाईला हसू आवरेना. पण तिसऱ्या-चौथ्या फटक्याला फळी अशी वाजली की झाडावरचे कावळे उडाले. साहेबांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्याचे होते.

त्यानंतर त्यांनी हातात काठी घेतली. बॅग रोज पहाटे वागवत आणली तर कुणी विचारेल, म्हणून एक लोखंडी काठी त्यांनी तिच्या हाती देऊन बायकांच्या शेडमध्ये गोणपाटाखाली ठेवायला सांगितली. "कुणाला सांगू नका हं, बाई," असं वर म्हणाले. पुतळाबाईला हे तेव्हाच खटकलं. शिकण्यात लाजण्यासारखं काय? पण माणूस शिकतोय ना, म्हणून तिनं सोडून दिलं.

फेब्रुवारीत मेंबरांच्या स्पर्धा झाल्या. सबनीस साहेबांनी कप जिंकला. सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. उल्हासनगरचे कापडाचे व्यापारी वाधवानी शेठ दुसरे आले, त्यांना तर ते पचेच ना. "सबनीस, तू हर शॉट पे मुंह में क्या बोलता है? मंत्र है क्या?" त्यांनी विचारलं. "श्वासाचा व्यायाम आहे, पुस्तकात दिलाय," सबनीस साहेब म्हणाले. पाच गलींपलीकडे गवत कापणाऱ्या पुतळाबाईपर्यंत यातलं काही आलं नाही. कप मिळाल्याचं कळलं तेव्हा तिला बरं वाटलं. आता साहेब येऊन दोन शब्द बोलतील असंही वाटलं. साहेब आले नाहीत. पंपघरामागं येणंही बंद झालं.

मार्चमध्ये क्लबचे सेक्रेटरी कारखानीस यांनी शेडची झडती घेतली. पाण्याचे पाइप चोरीला जात होते. पाइप सापडले नाहीत, गोणपाटाखाली काठी सापडली. बायकांना रांगेत उभं केलं. "कुणी ठेवली?"

"मी," पुतळाबाई म्हणाली. "सबनीस साहेबांनीच दिलीय ठेवायला. इचारा त्यांना."

विचारलं. सबनीस साहेबांनी काठीकडे पाहिलं, कारखानिसांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "माझीच आहे. पण तिथं कशी गेली, मला कल्पना नाही."

भोवती बाकीच्या अकरा बायका, दोन माळी आणि चार मेंबर. पुतळाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं साहेबांच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न केला, पण ते डोळे डोंगराकडे लागलेले होते.

त्याच दिवशी तिला कामावरून थांबवलं. कारखानीस वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त भानगड नको होती. त्यानं एक कागद टाइप करून घेतला: माझ्या हातून चुकून काठी उचलली गेली, मला माफ करावं, पुन्हा असं होणार नाही. खाली अंगठ्याची जागा सोडलेली. अंगठा लावला की सोमवारपासून काम चालू. नाही लावला तर शनिवारी चौकशी, आणि मग कायमची सुट्टी.

घरी जनू म्हणाला, "लाव ना अंगठा. काय जातंय? शाईच लागते."

"शाई धुतली जाते. चोर नाय धुतला जात."

"साहेब लोकांशी भांडून जिंकलाय का कोणी?"

"मी भांडायला नाय चाललीय. खरं काय ते सांगायला चाललीय. त्यांना भांडण वाटलं तर त्यांचं त्यांनी बघावं." जनू गप्प बसला. बायको अशी बोलू लागली की गप्प बसण्यातच शहाणपण आहे, एवढं त्याला वीस वर्षांत कळलं होतं. पण त्यालाही झोंबत होतं. नाक्यावर दोघांनी त्याला 'काठीचं काय रे झालं?' असं हसून विचारलं होतं.

मैदानाचे मुकादम भीमराव बेलवलीला राहायचे. दहावीपर्यंत शिकलेले, शांत, पण कुणापुढं कमरेत वाकायचं नाही असं बापानं शिकवलेलं. त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि परत तिच्या हातात दिला. "पुतळाबाई, अंगठा लावायचा नसेल तर नका लावू. मी चौकशीत शेजारी उभा राहतो. फक्त एक लक्षात ठेवा, तिथं काही ठरलं तर तोंडी मानायचं नाही. लेखी घ्यायचं."

शनिवारी क्लबच्या व्हरांड्यात चौकशी बसली. कारखानीस, वाधवानी शेठ आणि आणखी दोन मेंबर खुर्च्यांवर. सबनीस साहेब बाजूला, पांढऱ्या टोपीत. पुतळाबाई आणि भीमराव उभे. समोर पहिल्या गलीचा उंचवटा, आणि त्याच्या खालच्या उतारावर बाकीच्या अकरा जणी पाठ करून गवत कापत होत्या. कारखानिसांनीच त्यांना तिथं लावलं होतं, चौकशीत लुडबुड नको म्हणून.

"बाई, शेवटचं विचारतो," कारखानीस म्हणाले. "अंगठा लावताय ना?"

"नाय."

"मग तुमच्याकडं पुरावा काय?"

"मी साहेबांना दोन महिने मारायला शिकवलंय. शिकवल्याशिवाय काठी माझ्याकडं येतेय कशाला?"

एक मेंबर फसकन हसला. सबनीस साहेबही हसल्यासारखं करून म्हणाले, "ही बाई मला गोल्फ शिकवणार? अहो, काय बोलताय!"

हसणं तिनं डिसेंबरापासून पुष्कळ ऐकलं होतं, पण ते साहेबांवरचं होतं आणि पदराआडचं होतं. हे तोंडावर होतं. पुतळाबाईचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मंग साहेबांनी तीन चेंडू मारून दाखवावे. तीच काठी घेऊन. मी इथून हलणार नाय, तोंडातून ब्र काढणार नाय. नंतर तुमी काय ते ठरवा."

"याचा चौकशीशी काय संबंध?" कारखानीस म्हणाले.

वाधवानी शेठ मात्र खुर्चीत पुढं सरकले. दुसऱ्या नंबरचा सल अजून ताजा होता. "मारने दो ना, साईं. दो मिनट का काम है. चॅम्पियन आदमी है, उसको क्या डर?"

चॅम्पियन म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? सबनीस साहेब उंचवट्यावर गेले. पाय मोजून ठेवले. आणि ओठ घट्ट मिटले. ते का मिटले हे तिथं दोघांनाच माहीत होतं.

पहिला फटका. सुंईऽ आवाज कानाशी आला. चेंडू वीस पावलं घरंगळला आणि उतारावर गवतात थांबला.

"होतं असं," कारखानीस म्हणाले.

दुसरा. ओठ अजून घट्ट, गालावरच्या शिरा ताणलेल्या. मनगट पुन्हा वरच सुटलं. काठी आधी मातीत शिरली आणि ढेकूळ चेंडूच्या पुढं जाऊन पडलं. वाधवानी शेठ मोठ्यानं हसले. पुतळाबाईला खरं म्हणजे हसू येत नव्हतं. एवढा हात बसवून दिलेला, तो असा वाया जाताना बघून तिच्या जिवाला लागत होतं. 'घाई कसली?' हे तिच्या ओठांपर्यंत आलं, पण शब्द दिला होता म्हणून तिनं गिळलं.

सबनीस साहेबांचे कान लाल झाले. कपाचा मानकरी चार माणसांदेखत माती उकरत होता. तिसऱ्या वेळी ते चेंडूपाशी बराच वेळ उभे राहिले. पुतळाबाईनं त्यांचा चेहरा पाहिला आणि तिला कळलं. खोटं उघडं पडण्यापेक्षा हसं पचवणं त्यांना जड जात होतं.

काठी वर गेली. जरा थांबली. हात खाली आले, मनगटं अजून मागेच, आणि साहेबांच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, "हाऽऽ घे!"

चेंडू टणकन उडाला, उताराच्या वरून, आंब्याच्या वरून.

आणि खालच्या उतारावरून अकरा जणींनी, मान वर न करता, विळे न थांबवता, एका आवाजात उत्तर दिलं, "घेतलं!"

त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वर काय चाललंय हे त्यांना दिसतही नव्हतं. खरवईच्या बाईला ती हाक आली की उत्तर जातंच, मग ती चुलीपुढं असो की नळावर. उत्तर देऊन झाल्यावर त्यांच्यातल्या बनूबाईच्या ध्यानात आलं की हाक पुरुषाच्या आवाजात होती. तिनं वळून वर पाहिलं आणि मटकन खाली बसून हसायला लागली. मग सगळ्याच बसल्या.

"ये क्या था?" वाधवानी शेठ उठून कठड्यापाशी आले. "ए बाई, तुम लोग क्या बोला?"

"झोडणीची हाक हाय, शेठ," बनूबाई खालून ओरडली. "आमच्या खरवईची. साहेबांना कोणी शिकवली?"

वाधवानी शेठ हळूहळू सबनीस साहेबांकडे वळले. "श्वास का व्यायाम," ते म्हणाले. "वा साईं, वा."

सबनीस साहेबांनी टोपी काढली. काठी जमिनीला टेकवली आणि काठीकडंच बघत म्हणाले, "मीच दिली होती. ठेवायला."

कारखानीस लगेच उभे राहिले. "चला, गैरसमज झाला होता, मिटला. पुतळाबाई, सोमवारी कामावर या."

"लेखी," भीमराव म्हणाले.

"अहो, आता मिटलं ना?"

"तुमचं मिटलं," पुतळाबाई म्हणाली. "माज्यासाठी कागद टाइप झालता. आता त्यांच्यासाठी पण व्हऊ द्या."

कागद झाला. पहिल्यांदा कारखानिसांनी त्यात 'गैरसमजातून' लिहिलं. भीमरावांनी वाचून दाखवलं, पुतळाबाईनं नकारार्थी मान हलवली. दुसऱ्यांदा 'अनवधानानं' आलं. हा शब्द भीमरावांनी तिला समजावून सांगितला आणि तिनं पुन्हा मान हलवली. "त्यांना ठाव होतं. खोटं बोलले असं लिवा. साधा शब्द हाय, मना वाचता येत नाय तरी कळतो." तिसऱ्यांदा आलं. काठी मी स्वतः ठेवायला दिली होती. मी खोटं बोललो. खाली सबनीस साहेबांची सही, इंग्रजीत, वळणदार. भीमरावांनी तो कागद जिथं स्पर्धांचे निकाल लागायचे त्या फळ्यावर टाचला आणि महिनाभर कुणाला काढू दिला नाही. जनू रविवारी मुद्दाम नाक्यावरच्या त्या दोघांना घेऊन बघायला आला. त्यातल्या एकाला वाचता येत होतं.

साहेब दोन-तीन महिने मैदानात फिरकलेच नाहीत. मग पाऊस आला, मैदान बंद झालं. ऑक्टोबरात गवत पुन्हा कापायला आलं, तेव्हा एका सकाळी साडेसहाला पंपघरामागून कुणीतरी खाकरलं. सबनीस साहेब होते. थोडे वाळलेले.

"बाई," ते म्हणाले, "पुन्हा वरच सुटायला लागलंय."

पुतळाबाई विळ्याला धार लावत होती. तिला राग यायला हवा होता, आणि आलाही. पण त्याबरोबर असंही वाटलं, की हा माणूस इथवर चालत आला. येताना त्याचे पाय जड झाले असतील. तिनं धार लावणं थांबवलं नाही. "हितं नाय," ती म्हणाली. "रविवारी. धा वाजता. वरती, पहिल्या गलीपाशी."

"रविवारी सगळे असतात."

"म्हणूनच."

रविवारी दहाला उंचवट्यावर वीस-पंचवीस मेंबर होते. वाधवानी शेठ तर खुर्ची आणवून बसले होते. पुतळाबाई लुगडं खोचून वर चढली. गवत कापण्याखेरीज तिथं पाय ठेवायची बायकांची पहिलीच वेळ. कारखानीस काहीतरी बोलायला पुढं आले आणि भीमरावांकडं बघून मागं गेले.

साडेदहा झाले. काही मेंबर घड्याळं बघायला लागले. पुतळाबाई हलली नाही. आला नाही तर नाही, आपण आलो, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. तेवढ्यात सबनीस साहेब चढण चढून आले. हातात काठी होती. ती त्यांनी सेक्रेटरीकडे नाही, वाधवानींकडे नाही, तिच्यापुढं धरली.

"आधी बोला," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"कोणाकडं शिकता ते."

साहेबांनी घसा साफ केला. "पुतळाबाईंकडे."

"मागच्या लोकांना ऐकू नाय गेलं."

साहेबांनी मागं वळून सगळ्यांकडे पाहिलं. पहिल्यांदा त्यांचे डोळे डोंगराकडे गेले नाहीत. "मी पुतळाबाई भोईर यांच्याकडे शिकतो," ते खड्या आवाजात म्हणाले. "मागचा कपही त्यांच्याच शिकवण्यानं मिळाला."

"हां," पुतळाबाई म्हणाली आणि काठी घेतली. "आता पाय नीट ठेवा."